इसाकनं हात वर केला

ग्रामसभेत माझ्या एका हातानं जे करून ठेवलं, ते निस्तरायला उरलेलं आयुष्य पुरेल असं काही दिसत नाही.

हात वर केला होता तो बोलण्यासाठी. चौतीस वर्षं गावच्या शाळेत मी पोरांना एकच नियम घोटून शिकवला: बोलायचं असेल तर आधी हात वर, मग तोंड. पोरं विसरली असतील, माझ्या मात्र तो हाडात मुरलाय. घरात चहा मागायचा तरी हात वर जातो, आणि आमच्या मंडळी चुलीपासूनच "हं, बोला" म्हणतात.

तर सरपंच अर्जुनरावांनी विषय मांडला. नेकनूरला जाणाऱ्या एसटीच्या थांब्यावर लिंबाखाली इसाकचं पंक्चरचं दुकान आहे. तिथं गावाची कमान उभी करायची आणि इसाकनं ओढ्यापलीकडं, गायरानाच्या कडेला जायचं. "मंजूर असल त्यांनी हात वर करा." मला म्हणायचं होतं, कमान चार पावलं पुढं घ्या की, लिंबाला आणि इसाकला कशाला हलवता? म्हणून मी नियमाप्रमाणं हात वर केला.

सभेतले निम्मे माझेच विद्यार्थी. गुरुजींचा हात बघून पहिल्या रांगेचे हात गेले, त्यांचे बघून मागच्यांचे. अर्जुनराव म्हणाले, "गुरुजींनीच सुरुवात केली म्हणल्यावर विषय संपला!" टाळ्या पडल्या. मी हात खाली घेतला आणि गप्प बसलो. एवढ्या टाळ्यांत उठून 'थांबा' म्हणायला जे लागतं, ते त्या दिवशी माझ्यापाशी नव्हतं. इतर दिवशी असतं, असंही नाही.

मान खाली घालताना खांबाजवळचा एक हात दिसला. नखांत काळं ग्रीस, मनगटावर टायरनं खरचटल्याची खूण. इसाकचा हात. तोही वर होता.

इसाक तिसरीत माझ्या वर्गात होता. एकदा मी विचारलं, "आठ सत्ते?" तानाजी नावाचं एक धीट पोरगं पहिल्या रांगेतून ओरडलं, "चोपन्न!" वर्ग एका सुरात ओरडला, "चोपन्न!" पाट्या बघितल्या, तर सगळीकडं चोपन्न. इसाकच्या पाटीवरही चोपन्नच, पण खाली थुंकीनं पुसलेलं छप्पन्न अंधूक दिसत होतं.

"हे पुसलं कावून रे?"

"समद्यांचं चोपन्न हाय, गुरुजी."

मी सगळ्यांना एकेक छडी दिली, त्यालाही. उत्तर येत असून मार खाणारा तो एकटाच. मला त्याचं हसू आलं होतं. पुढं कित्येक वर्षं मी ती गोष्ट लग्नाच्या पंगतीत मीठमसाला लावून सांगितली, आणि लोक घास हातात धरून हसले.

मोठेपणीही तो तसाच राहिला. एकादशीला डब्यात अंडं असलं, तर दुकानाच्या मागं जाऊन भिंतीकडं तोंड करून जेवायचा. कुणी सांगितलं नव्हतं. सप्त्यात मांडवाचं जनरेटर त्याच्या हवाली असायचं, तर कीर्तन संपेपर्यंत जागचा हलायचा नाही. त्याची बायको जाहेदा म्हणायची, "भाजीत मीठ कमी हाय का इचारलं, तर आधी शेजारी काय म्हणतोय ते बघतेत."

पण लिंबाखाली बसला की हा माणूस निराळाच. तिथं तो कुणाचं ऐकत नसे. टबात ट्यूब बुडवायचा, बुडबुडा कुठून येतो ते बघायचा, आणि मग त्याचा शब्द शेवटचा. खुद्द अर्जुनरावांना त्यानं एकदा सुनावलं होतं, "हे टायर फेकून द्या, सरपंच. ह्याच्यात मी हवा भरणार न्हाई. लेकरंबाळं बसतेत गाडीत." कपिलधारच्या यात्रेला निघालेल्या जीपा मुद्दाम त्याच्यापाशी थांबायच्या. अख्ख्या गावात 'न्हाई' म्हणायला त्याच्याकडं तेवढी एकच जागा होती, दहा बाय आठची.

ती त्यानं आपल्या हातानं उतरवली. पत्रे काढायला हात वर करणारेच सगळे आले. विठ्ठलरावांनी हवेची टाकी आपल्या ट्रॅक्टरमधून नेली, तानाजीनं पत्रा धरला. "वाईट वाटतंय गड्या, पण समद्यांचं ठरलं," असं प्रत्येक जण म्हणाला. इसाकनं सगळ्यांना चहा पाजला.

ओढ्यापलीकडं कुणाचं चाक फिरकत नाही. इसाक तिथं रोज टबातलं पाणी बदलतो, त्यात बुडवायला ट्यूब नसते. जाहेदा मला म्हणाली, "गुरुजी, जेवण निम्म्यावर आलंय. बोलणं तर त्याच्याबी खाली गेलंय."

मग मला झोप येईना. कमानीचे नुसते खड्डे खणून झाले होते, काँक्रीट पडायचं होतं. मी घरोघर फिरलो.

विठ्ठलराव म्हणाले, "मी म्हणलं, गुरुजी करतेत म्हंजे काय तरी इचार असल."

तानाजी म्हणाला, "माझ्या म्होरं विठ्ठलरावाचा हात. मी एकट्यानंच खाली ठिवला असता, तर 'इसाकचा वकील हाईस का बे' म्हणले असते."

छबुबाई म्हणाल्या, "मला तर वाटलं, फोटू काढतेत."

शेवटी अर्जुनरावांकडं गेलो. ते सुपारी कातरत होते. "मला तरी कुठं हौस होती, गुरुजी? एक जण जरी न्हाई म्हणला असता, तर विषय म्होरं ढकलणार होतो." मग म्हणाले, "इसाकचा अर्ज आणा. पुढच्या सभेत कमान सरकवतो."

म्हणजे कुणालाच नको असलेला ठराव अख्ख्या गावानं एकमतानं पास केला होता. एवढं एकमत आमच्याकडं पाण्याच्या टाकीवरही कधी झालेलं नाही.

मी माझ्या चांगल्या अक्षरात अर्ज लिहिला, फक्त सहीची जागा मोकळी ठेवली, आणि ओढा ओलांडून गेलो. इसाकनं फडक्याला हात पुसले, अर्ज दोनदा वाचला.

"अक्षर अजून लई भारी हाय, गुरुजी."

"सही कर."

त्यानं कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या खिशात परत ठेवली. "गावाच्या ठरावावर इसाकनं अर्ज केला म्हणतेल."

"कुणी म्हणत नाही. मी एकेकाला विचारून आलोय. सगळे तुझ्या बाजूचे आहेत."

"एकेकट्याला इचारलंत," तो म्हणाला. "एकेकटा समदा गाव चांगलाच हाय."

मी खिशातनं अर्ज काढला, पुन्हा त्याच्यापुढं धरला. त्यानं हात मागं बांधले. माझा आवाज चढला, वर्गात चढायचा तसा. खरं तर मी माझ्यावरच चिडलो होतो, पण समोर तो होता.

"अरे, मग त्या दिवशी स्वतःच्याच दुकानाविरुद्ध तू हात कावून वर केलास?"

त्यानं माझ्याकडं सरळ बघितलं.

"मला ह्याच गावात ऱ्हायचंय, गुरुजी."