अतिथी विद्वान

“उद्या आहे नं, ताई?”

टिफिनची पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेत ते रोज घरी निघताना लायब्ररीत डोकावून हे विचारायचे. उद्या कॉलेज भरणार आहे ना, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडे प्राचार्यांपासून पोरांपर्यंत सगळे ‘उद्या सुट्टी आहे का’ असं विचारत. हे एकटे उलटं विचारायचे. मी “आहे, सर” म्हटलं की त्यांचा चेहरा सैल व्हायचा आणि ते बसच्या वाटेला लागायचे. सुरुवातीला मला वाटलं, माणूस भलताच कामसू दिसतो.

तसे ते कामसू होतेच, पण प्रश्नाचं कारण निराळं होतं. आमचं कॉलेज इंदूरहून मानपूरला जायच्या वाटेवरचं, छोटंसं, सरकारी. मी तिथली ग्रंथपाल. निवृत्तीपर्यंत, म्हणजे अजून काही महिने. ते अर्थशास्त्र शिकवायचे. सरकारी कागदावर त्यांचा हुद्दा होता ‘अतिथी विद्वान’. कानाला किती छान लागतं! त्याचा अर्थ असा, की कायमची माणसं नेमली तर खर्च वाढतो, म्हणून पाहुणा बोलवायचा. शिकवेल त्या दिवसाचे पैसे द्यायचे. आणि कुणी कायमचा माणूस बदली होऊन त्या जागेवर आला, की पाहुण्याने त्याच दिवशी उठायचं. या उठण्याला आमच्याकडे ‘फॉलन आउट’ म्हणतात. केस पांढरे व्हायला लागेपर्यंत पाहुणेच राहिलेले असे लोक तुम्हीही पाहिले असतील. फक्त बघून ओळखू येत नाहीत. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पोरं वाकून ‘नमस्ते सर’ म्हणताहेत. कुणाला काय कळणार?

आम्ही दोघंही बडा गणपतीच्या आसपास राहणारे, त्यामुळे सकाळची बस एकच. पावसाळ्यात एकदा बस शहराबाहेर पडते न पडते तोच सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज आला: अतिवृष्टीमुळे शाळा-कॉलेजांना सुट्टी. मागच्या बाकांवरच्या आमच्याच मुलांनी आरोळी ठोकली. सर खिडकीच्या काचेवरचे ओघळ बघत राहिले. मग म्हणाले, “बघा ताई, हे इंद्रदेव पण वित्त विभागातच निघाले. एका दिवसाची बचत करून दिली सरकारची.”

रंगपंचमीला सगळं इंदूर रस्त्यावर उतरतं, रंग उडवत मिरवणूक, म्हणजे गेर निघते, आकाश लाल होतं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी विचारलं, “खेळलात की नाही?”

“नाही ना. रंग लई महाग पडतो मला.” आणि स्वतःच हसले. त्यांच्या हसण्यात तक्रार नसायची, म्हणून ऐकणाऱ्याला जरा सोपं जायचं.

शिकवायचे मात्र असे, की शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीशी येऊन उभी राहायची. गावाकडची मुलं, घरी निमाडी-माळवी बोलणारी. एकदा मीही तिथे उभी होते, सार्वजनिक खर्चात कपात हा धडा चालू होता. एका मुलीने विचारलं, “सर, ये जो पैसा सरकार बचाती है, ये बचता किसका है?”

सर खडू हातात धरून थांबले. “अभी तो मेरा बच रहा है, बेटा,” ते म्हणाले.

वर्ग हसला. तेही हसले. धडा पुढे गेला. पण ती मुलगी हसली नव्हती. दुपारी ती लायब्ररीत आली आणि मला हळूच विचारून गेली, “मॅडम, सर चले तो नहीं जाएँगे?”

मी नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासूनच कॉलेजात काहीतरी कमी कमी होत होतं, पण एकदम दिसत नव्हतं. घंटा वाजवणारे काका रिटायर झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. घंटा ज्याला आठवेल तो वाजवायचा. रसायनाच्या प्रयोगशाळेला कुलूप लागलं, कारण शिकवणाऱ्या बाई फॉलन आउट झाल्या आणि त्यांच्या जागेवर आलेल्या साहेबांनी लगेच इंदुरात बदली करून घेतली. इतिहासाचा वर्ग बंद पडला. सर येता-जाता कुलपं बघायचे. एकदा प्रयोगशाळेच्या कुलपाला हात लावून बघितला आणि बोट माझ्यासमोर धरलं. गंज होता.

“इतक्या लवकर?” मी म्हणाले.

“पावसाळी हवा आहे,” ते म्हणाले.

रस्त्यापलीकडे मात्र बांधकाम जोरात होतं. मुंबईकडे जाणारा हायवे, त्याला लागून गोदामांवर गोदामं उठत होती. जिथे सोयाबीन उभं असायचं, तिथे निळे पत्रे चमकायला लागले. आमचं कॉलेज हायवेच्या अगदी काठावर, भरपूर मोकळी जागा असलेलं. त्या मोकळ्या जागेकडे बाहेरची माणसं गाडी थांबवून बघायची. आम्हाला वाटायचं, रस्ता विचारायला थांबलेत.

बदल्यांचा मौसम आला की सर जेवायचे कमी. टिफिन उघडायचे, मिटायचे. घरी बायको खाजगी शाळेत शिकवणारी, मुलगी बारावीत, वडील म्हातारे. एका वर्षी कावीळ अंगात असताना येत राहिले. डोळे पिवळेजर्द, खुर्चीत बसून शिकवायचे. मी रागावले. “ताई, घरी पडलो तर दिवस जाईल ना,” एवढंच म्हणाले.

आणि मग ती सकाळ आली.

बसमध्ये सरांच्या शेजारची जागा रिकामी होती. पुढच्या चौकात एक बाई चढल्या. पन्नाशीकडे झुकलेल्या, हातात जड बॅग, नवी कोरी साडी. कंडक्टर ओरडला, “भिया, मॅडम को बैठने दो!” सरांनी पिशवी मांडीवर घेतली, बॅग वर ठेवून दिली. मी मागच्याच सीटवर होते, सगळं ऐकू येत होतं.

बाईंनी आमच्या कॉलेजचं नाव घेऊन विचारलं, “उसके लिए कहाँ उतरना पड़ेगा?”

“मी... मैं वहीं जा रहा हूँ. बता दूँगा,” सर म्हणाले.

“आप वहाँ पढ़ाते हैं? कौन सा सब्जेक्ट?”

“इकोनॉमिक्स.”

“अरे! मेरा भी इकोनॉमिक्स है. मंडला से ट्रांसफर होकर आई हूँ. आज जॉइनिंग है.” बाई इतक्या आनंदात होत्या, की थांबेनात. नवरा इंदूरला नोकरीला, मुलगा आजीकडे वाढला, कित्येक वर्षं अर्ज करत होत्या. सुट्टीत घरी आलं की मुलगा पाहुण्यासारखा लाजायचा. मग बाईंनी पर्समधून डबा काढला आणि सरांपुढे धरला. “लीजिए ना. घर वापसी के पेड़े हैं.”

मला सरांची फक्त मान दिसत होती. ती जराही हलली नाही. मग त्यांनी हात पुढे केला, पेढा घेतला आणि सगळा खाल्ला.

“बधाई हो, मॅडम,” ते म्हणाले. “हवा चांगली आहे आमच्याकडे... मतलब, हवा अच्छी है उधर की. बच्चे भी अच्छे हैं.”

उतरल्यावर त्यांची बॅग फाटकापर्यंत त्यांनीच उचलून नेली. प्राचार्यांची खोली दाखवली, पाणी कुठलं प्यायचं ते सांगितलं. तासाभराने मॅडम माझ्याकडे लायब्ररीत आल्या, त्या खुर्चीत बसल्या त्या उठेचनात. आपल्या येण्याने सरांची जागा गेली, हे त्यांना प्राचार्यांनी सांगितलं होतं. “उन्होंने बस में बताया क्यों नहीं?” त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. “मैंने उन्हें पेड़ा खिला दिया.”

मीही सरांना तेच विचारलं. ते परतीच्या बसची वेळ होईपर्यंत वाचनकक्षात बसून होते. वर्गावर जायची परवानगी आता नव्हती.

“काय सांगणार होतो, ताई? किती खूश होत्या त्या.” मग म्हणाले, “तिसऱ्या वर्षाचा एक धडा राहिला होता फक्त.”

त्या दिवशी जाताना त्यांनी मला काही विचारलं नाही.

दुसरं कॉलेज मिळेल, या आशेवर बरेच महिने गेले. दिवाळीनंतर मी त्यांच्या घरी गेले. सर बाहेर गेले होते. सियागंजमध्ये एका मसाल्याच्या दुकानात दुपारपुरते बसतात, असं वहिनी म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. खाटेवर त्यांचे वडील होते. ते इथल्याच एका कापड गिरणीत टाइम ऑफिसात होते. गिरणी बंद पडली तेव्हा सर शाळेत असतील.

“तुम्ही कॉलेजातल्या ना?” त्यांनी विचारलं. मग कुणाशीच न बोलल्यासारखे बोलत राहिले. “आमचं गेलं ते सगळ्यांचं एकदम गेलं, बाई. भोंगा बंद झाला ते पूर्ण शहराला समजलं. लोक घरी यायचे, मालकांना शिव्या द्यायचे, मोर्चे काढायचे. याचं बघा. एकट्याचं गेलं. कोणाला आवाजसुद्धा नाही आला.”

वहिनी चहा घेऊन आल्या तसे ते गप्प झाले. मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती. जाताना मी तिला विचारलं, पुढे काय घेणार? “जे बाबांनी नाही घेतलं ते,” ती म्हणाली. तिचा आवाज चिडलेला नव्हता, नुसता पक्का होता.

कॉलेजात नव्या मॅडम मन लावून शिकवत होत्या, पण प्रवेश घटत होते. महूच्या कॉलेजात आमचं विलीनीकरण होणार, अशी कुजबुज सुरू झाली. मॅडम एकदा म्हणाल्या, “दीदी, मुझे फिर कहीं दूर तो नहीं भेजेंगे?” त्या अजूनही अधूनमधून सरांबद्दल विचारायच्या. मला ठाऊक नव्हतं. सियागंजचं दुकानही सुटलं, इतकंच कानावर आलं होतं.

या उन्हाळ्यात परीक्षा संपल्या, आणि कॉलेज ओस पडलेलं असताना एक पांढरी गाडी फाटकातून आत आली. सरकारी इमारती आणि जागा मोजायचं काम कुठल्याशा एजन्सीला दिलं होतं. दोन साहेब गाडीतच एसी लावून बसून राहिले. तिसरा माणूस गळ्यात ओळखपत्र अडकवून एकेक खोली करत लायब्ररीपर्यंत आला. ते सर होते.

“सर, तुम्ही?”

“आता सर नका म्हणू, ताई. फील्ड एक्झिक्युटिव्ह.” ते हसले. बारीक झाले होते. “पण महिन्याचा पगार आहे. रविवारचा पण मिळतो.”

त्यांच्या हातात मोबाइलएवढं यंत्र होतं. बटण दाबलं की लाल ठिपका समोरच्या भिंतीवर पडायचा आणि लांबी कळायची. भूगोलापासून ते पुराणांपर्यंत, माझ्या कपाटांवरून तो ठिपका सरकत गेला. मी विचारलं, हे कशासाठी?

“मला मोजायला सांगितलंय.” मग आवाज खाली करून म्हणाले, “वापरातली जागा वेगळी आणि रिकामी जागा वेगळी दाखवायची. फोटोसकट. रिकामी ती विकायला काढणार.”

“मग लायब्ररी कशात?”

त्यांनी वाचनकक्षाकडे पाहिलं. लांब टेबलं, ओळीने खुर्च्या, एकही मूल नाही.

“फोटोत कोण आहे ते बघतात,” ते म्हणाले. “थोडं थांबतो मी. येईल कुणीतरी.”

ते बसले. मी बसले. पंखा फिरत होता. रस्त्यावरून ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकबरोबर काचा थरथरत होत्या. रणरणत्या दुपारी, सुट्टीत, कोण येणार होतं? गाडीचा हॉर्न वाजला. ते उठले नाहीत. हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक.

सर उठले. कपाटातून हाताला आली ती पुस्तकं काढली आणि टेबलावर इथे-तिथे उघडून ठेवली. काही खुर्च्या मागे ओढल्या, आत्ताच कुणी उठून पाणी प्यायला गेल्यासारख्या. एका खुर्चीच्या पाठीला स्वतःची पिशवी अडकवली. मग माझ्याकडे वळले. बोलताना त्यांची नजर जमिनीवर होती.

“ताई, तुम्ही बसता का? तिकडे तोंड करून. पदर जरा डोक्यावरून घ्या, पांढरे केस दिसतील.”

या वयात मी विद्यार्थिनी होऊन बसले. हसू येत होतं. समोर उघडं पुस्तक होतं, त्यातलं एक अक्षर दिसत नव्हतं. मागे त्यांच्या मोबाइलचा आवाज झाला. बाहेर हॉर्न चालूच होता.

“आता फक्त ही भिंत राहिली,” ते म्हणाले. “हलू नका.”

माझ्या डोक्यावरून लाल ठिपका गेला आणि समोरच्या भिंतीवर पडला. ठिपका एका जागी ठरत नव्हता. तो भिंतीवरून खाली आला, टेबलावर आला, उघड्या पानावर आला, आणि मी पान धरलं होतं त्या हातावर येऊन थांबला.