दोडक्याचा सोमवार
सकाळी लेकीच्या डब्यासाठी दोडका परतायला घेतला आणि त्या वासानं मला थेट शाळेच्या रिक्षात नेऊन बसवलं. मंगळवार पेठेतून राजारामपुरीला जाताना रिक्षावाले मामा मला नि शेजारच्या मैत्रिणीला रोज एक कोडं घालायचे. हरेल तिनं आपली अर्धी भाजी दुसरीला द्यायची. एका सोमवारी माझ्या डब्यात दोडका होता, म्हणून मी हरायचंच ठरवून बसले होते. मामांनी विचारलं, "एक किलो लोखंड जड का एक किलो कापूस?" "लोखंड," मी ओरडले, आणि माझ्याबरोबर तीही. मामांनी आरशातून आमच्याकडं बघितलं. "दोघीबी चुकलासा? शनिवारी तर लई शाण्या हुतासा की." मधल्या सुट्टीत डबे उघडले, तर तिच्याही डब्यात दोडकाच. आमच्या आया रविवारी बाजाराला एकत्रच जायच्या, हे दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं. पण ठरलं ते ठरलं. तिचा शेंगदाण्याचं कूट घातलेला अर्धा दोडका माझ्याकडं आला, माझा कांदा-लसूण चटणीतला अर्धा तिच्याकडं गेला, आणि दोन्ही कालवून खाल्ल्यावर तो चक्क आवडला. हा खेळ लेकीला मीच शिकवलाय. आज ती घरी आली तेव्हा डबा चाटूनपुसून रिकामा होता. मी विचारलं, "काय गं, एक किलो लोखंड जड का कापूस?" "लोखंड," ती गंभीरपणे म्हणाली आणि खेळायला गेली.