मामीच्या इंग्रजीत फक्त वाढच

इंग्रजी तोंडाने नव्हे, हाताने शिकायची असते, असं मानणारी माणसं जगात किती असतील मला माहीत नाही. जळगावात एक नक्की आहे आणि ती माझी थोरली मामी आहे. खापरावरचे मांडे करावेत तर तिनेच. पुरण भरलेला गोळा या हातावरून त्या हातावर घेत ती कोपरापर्यंत पसरवते आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर असा टाकते, की एक सुरकुती पडत नाही. 'पडत नसे' म्हणायला हवं. दोन वर्षांपासून तिची मनगटं कापतात, मांडा मध्येच फाटतो, आणि तो दुसऱ्याच कुणी केल्यासारखी ती त्याच्याकडे रागाने बघते. हे सगळं शिकायची हौस घरात एकटीलाच, कॅनडात वाढलेल्या नातीला. पण तिचं मराठी 'आजी' आणि 'बस' या दोन शब्दांत संपतं. तिच्या बापाला, म्हणजे मामीच्या मुलाला, दुभाष्या करून पाहिलं, तर मामीने पाच मिनिटं समजावलेलं तो तीन शब्दांत उरकायचा. हात चालतात तोवर पोरीला दिलं पाहिजे, असं म्हणून मामीने मला बोलावणं धाडलं. मी धुळ्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवतो, त्यामुळे माझे रविवार एसटीला आणि मामीला गेले.

व्याकरण तिने पहिल्याच दिवशी निकालात काढलं. तिला पसरण्याचे, ताणण्याचे, फुगण्याचे तेवढे शब्द हवे होते. स्प्रेड आउट, स्ट्रेच आउट, पफ अप, सगळे तिने कणकेचा गोळा हातात घेऊनच पाठ केले. ज्या शब्दाला हाताची हालचाल नाही, तो इंग्रजांनी उगाच करून ठेवलाय असं तिचं ठाम मत. अपवाद फक्त 'ड्रॅग ऑन'चा. लांबत जाणे हा अर्थ सांगताच तिला आपली विहीण आठवली आणि शब्द वहीत गेला. सरावाला तिला माणूस-प्रसंग काही चालायचं. एका लग्नात फोटोसाठी दाटीवाटीने उभ्या राहिलेल्या बायकांना तिने इतक्या अधिकाराने 'स्प्रेड आउट' सांगितलं, की दोघी फोटोतून बाहेरच गेल्या. माझ्या पोटाकडे बघून भर पंगतीत 'फिल आउट', म्हणजे अंग भरलंय, असं म्हणाली, आणि खेदाची गोष्ट म्हणजे प्रयोग अगदी बरोबर होता. कमी होण्याच्या शब्दांचं पान मी उघडलं, तेव्हा मात्र तिने वही मिटली.

"भाऊ, कमी कराना शब्द माले नको," ती म्हणाली. "कमी करानं काम डॉक्टर करस, तेवढं पुरं शे."

मग आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या रविवारी परीक्षा ठरली. आपल्याकडे संध्याकाळ, नातीकडे सकाळ, मध्ये व्हिडिओ फोन. मी कोपऱ्यात बसायचं आणि तोंड उघडायचं नाही, अशी मला शपथ होती. सुरुवात झकास झाली. आजी हात फिरवत शब्द टाकत होती, तिकडे पोरीचा गोळा ताटाएवढा झाला. तिने तो गॅसवर पालथ्या घातलेल्या कढईवर टाकला आणि लगेच धूर निघाला, कारण गॅस भडकलेला होता. मामीला ते दिसलं, पण गॅस बारीक कर म्हणायला तिच्याजवळ एक शब्द नव्हता. घाबरून तिने होते ते सगळे शब्द एकामागून एक टाकले. त्या सगळ्यांचा अर्थ 'आणखी' असा होता, आणि नात मोठी आज्ञाधारक. तिने गॅस आणखी मोठा केला. मांड्याचा कोळसा झाला, धुराचा भोंगा वाजू लागला, मुलगा टॉवेल हलवत धावत आला आणि फोन बंद पडला. मी शपथ पाळत बसलो होतो, याची मला अजून लाज वाटते.

पुढच्या रविवारी मामीने आपणहून कमी होण्याच्या शब्दांचं ते पान काढायला लावलं. टर्न डाउन, कट डाउन, डाय डाउन, वेअर ऑफ. हात मांडीवर ठेवून तिने मुकाट्याने सगळे लिहून घेतले. मग चष्मा काढला.

"आनि हातमधलं बळ हळूहळू जास, त्याले काय म्हणतस?"

मला त्याचे चार शब्द येत होते. वीस वर्षं मी ते फळ्यावर लिहीत आलोय. मी म्हटलं, "मामी, त्याला इंग्रजीत शब्दच नाही." अभ्यास न करता आलेल्या पोराकडे बघावं तशी ती माझ्याकडे बघत राहिली, आणि नातीला फोन लावायला सांगितला.

या वेळी 'टर्न डाउन' वेळेवर गेलं. मांडा एका कडेला फाटला, पण फुगला, सोनेरी झाला, आणि पोरीने तो दोन्ही हातांवर उचलून दाखवला. मामी भान विसरून फोनसमोर रिकामे हात पसरवत होती, आणि ते हात कापत होते. आमच्या इकडे त्या दिवशी चूल पेटलीच नव्हती. शेजारणीने पाठवलेल्या पोळ्या आम्ही दोघं जेवायला बसलो. मामी इतकी खुशीत होती की दोन पोळ्या जास्त जेवली.