अकरा परवाने

रसमिया मावशी शिवणकाम करायची. आमच्या निर्वासितांच्या छावणीत बेकरीच्या वरच्या मजल्यावर तिने मुलींसाठी दबके या पॅलेस्टिनी लोकनाचाचा वर्ग काढला, तेव्हा लोकांनी तिला नावं ठेवली. सख्ख्या भावाने बोलणं टाकलं. तिने वर्ग बंद केला नाही. पुढे त्या खोलीत पुस्तकं आली, चित्रकला आली, आणि लोक त्या खोलीलाच केंद्र म्हणू लागले.

आम्ही बाराजणी होतो. हातात हात घालून नाचायचं. रांगेच्या टोकाला रुमाल फिरवत लुबाबा. तिच्यासारखं जोरकस पाऊल कुणाचंच पडत नसे.

एका वर्षी समुद्रकाठच्या याफा शहरातून नाचाचं बोलावणं आलं. आमचे आजी-आजोबा तिथलेच, पण समुद्र आम्ही एकीनेही पाहिला नव्हता. हद्द ओलांडायचे इस्रायली परवाने मात्र अकराच आले. लुबाबाचा भाऊ तुरुंगात होता, म्हणून तिला नाकारलं. मावशी म्हणाली, मग कुणीच जायचं नाही. लुबाबाच हसली. "माझ्यापायी अकराजणींचा समुद्र बुडवू नकोस."

आम्ही गेलो. शिंपले घेऊन परतलो. महिन्याभरात लुबाबा केंद्रात यायची थांबली आणि सतराव्या वर्षी लग्न होऊन सासरी जेनीनला गेली.

मावशीला ते सलत राहिलं. नऊ वर्षांनी मला सोबत घेऊन ती लुबाबाच्या घरी गेली. चहा झाला, मुलं दाखवून झाली. मग मावशीने माफी मागितली.

"तुम्ही याफाला गेलात, त्याचं काही नाही गं, मावशी," लुबाबा म्हणाली. "आठवडाभर तुम्ही मला समुद्र सांगत होतात. त्या दिवशी मी काय केलं, ते एकीनेही विचारलं नाही."

मी मान खाली घातली. मावशीने हळूच विचारलं, "काय केलंस?"

"केंद्राची किल्ली माझ्याकडे होती. तू शिवलेला झगा घातला, टेप लावली आणि अख्खा नाच एकटीने केला. हात धरायला कुणी नाही, दोनदा ताल चुकला. मग झगा धुऊन, वाळवून ठेवून दिला."

त्यानंतर एकीचाही परवाना अडला, तर ती बोलावणं परत करायची. त्यामुळे केंद्राच्या मुली छावणीबाहेर फार तर दोनदा नाचल्या असतील. लोक तिला हेकट म्हणत.

गेल्या वर्षी ऑलिव्हच्या तोडणीच्या दिवसांत मावशी वारली. लष्कराने रस्ते बंद केले होते, लुबाबाला येता आलं नाही. मावशीला दफनाआधी शेवटचं न्हाऊ कुणी घातलं, एवढंच तिने फोनवर विचारलं. मी, असं सांगितलं. मग मी विचारलं, "आणि तू आज काय केलंस?"