नावापुढचं लिमिटेड

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात आम्ही दोघंच भागीदार. विक्री मी बघायचो, माग मामा सांभाळायचे. मामा नात्याचे नव्हेत. तेलुगू विणकर घरातले, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे.

बहात्तरच्या दुष्काळानंतर गल्लीतला एक रंगाईवाला बुडाला. बेलीफ आला आणि त्याच्या घरातलं लोखंडी कपाट, रेडिओ उचलून घेऊन गेला. त्याची बायको उंबऱ्यात बसून होती. त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. जेवतानाही उठून उगाच खोल्यांतून फिरायचो. बायको वैतागली.

वकिलांकडे तीन खेपा घातल्या. ते म्हणाले, भागीदारीत धंद्याचं देणं थेट घरापर्यंत येतं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली तर धंदा बुडाला तरी भांडवलच जाईल, घर राहील. फक्त कागदपत्रं वाढतील.

मामांना हे सांगायला मला पंधरा दिवस लागले. त्यांनी माग बंद करून ऐकलं.

"घर वाचवायचं कुणापासनं?" त्यांनी विचारलं. "माज्यापासनं व्हय?"

नाही म्हणणं सोपं होतं, पण ते खोटं ठरलं असतं. मामा सूतवाल्यांना उधारीचा तोंडी शब्द देऊन मोकळे व्हायचे, आणि त्याची मला भीती वाटायची. तसं मी सांगून टाकलं. मामांनी माग पुन्हा चालू केला. आठ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले.

नवव्या दिवशी ते धुतलेलं धोतर नेसून आले आणि वकिलांकडे चला म्हणाले. तिथं प्रत्येक कलम मराठीत समजावून घेतलं आणि तेलुगूत सही केली. अट एकच घातली, की यापुढं आपलं देणं कंपनीपुरतंच, हे सूतवाल्यांना आपण स्वतः जाऊन सांगायचं. मग आम्ही दुकानोदुकानी फिरलो. एकानं उधारी बंद केली, बाकीच्यांनी चहा पाजला.

कंपनी झाली. पुढं नव्या मागांसाठी बँकेत गेलो, तर मॅनेजर म्हणाले, कंपनी लहान आहे, दोघा संचालकांची वैयक्तिक हमी लागेल. म्हणजे बँकेपुरतं घर पुन्हा टांगणीला. मी मामांकडे बघायचं टाळलं.

मामांनी मात्र लगेच सही केली आणि कागद माझ्यापुढं सरकवला.

"करा की," एवढंच म्हणाले, आणि कारखान्यात कामगार खोळंबलेत म्हणून उठून गेले. मी त्यांच्या तेलुगू सहीखाली माझी सही केली.