काकूंच्या वहीतलं शेवटचं पान

हे बाहेर कुणाला सांगायचं नाही, असं आम्ही तिघांनी काकांना कबूल केलं होतं. पण दर रविवारी नवीन काहीतरी घडतं आणि मागचं अजून कुणाला सांगितलेलंच नसतं. आता इतकं साठलंय की मलासुद्धा गप्प बसवत नाही. आणि गप्प बसणं हे एकच काम मला नीट जमतं!

तरसालीला आमच्या खालच्या मजल्यावर जाधवकाका राहतात. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, गोरव्याच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होते. गणित शिकवायच्या त्या काकू. काकू गेल्या, पण काकांनी त्यांचा रविवार सकाळचा वर्ग बंद केला नाही. काकूंची वही समोर धरून ते वाचतात. ऐकायला मी, माझ्या वर्गातला पार्थ आणि समोरच्या फ्लॅटमधली हेतल. काकांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "वहीत आहे तेवढंच मला येतं. वही संपली की वर्ग संपला."

म्हणून मी बसताना आधी उरलेली पानं बघते.

*

पहिला धडा शून्याचा होता. कुठलीही संख्या तिनेच भागली की एक येतो. मग शून्य भागिले शून्य किती?

खिडकीजवळ बसलेला पार्थ त्याच्या गुजराती-मराठीत म्हणाला, "एकच. सिम्पल छे."

काकांनी पुढची ओळ वाचली. "इथे खिडकीजवळचा मुलगा 'एक' म्हणेल. त्याला हसू नये. शून्याचे नियम लिहून ठेवणारे जुने पंडितही इथेच अडखळले. त्यांनी उत्तर शून्य लिहिले." खरं तर सात म्हटलं काय आणि शंभर म्हटलं काय, शून्याने गुणलं की शून्यच, ताळा जमतोच. आणि काहीही चालतं, ते उत्तर नव्हे.

पुढच्या रविवारी पार्थ मुद्दाम दाराजवळ बसला. काकांनी वही उघडली, एक ओळ मनातच वाचली आणि दाराजवळच्या पार्थकडे पाहिलं. ती ओळ मोठ्याने वाचा, असं आम्ही कुणीच म्हटलं नाही.

*

मग नाण्याचा खेळ. एकाने पन्नास वेळा खरंच नाणं उडवून छापा-काटा लिहायचा, दुसऱ्याने नुसता मनाने. काका तोवर स्वयंपाकघरात. बाहेर येऊन त्यांनी दोन्ही कागद पाहिले आणि पार्थचा उचलला. "हा खोटा."

कारण वहीत होतं. खरं नाणं सलग पाच-सहा वेळासुद्धा छापा दाखवतं. माणसाचा हात तिसऱ्या छाप्यालाच घाबरतो.

तेव्हापासून पार्थ घरी थापा मारताना दोनदा विचार करतो.

*

तेवीस माणसं जमली तर त्यातल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. हे कुणालाच पटेना. म्हणून हेतल बिल्डिंगभर फिरली आणि स्वतःचा धरून बावीस वाढदिवस घेऊन आली. एकही जुळला नाही.

काकांनी पान उलटलं. "जुळले नाहीत तर माझा धरा."

काकूंचा धरला. तो हेतलच्या वाढदिवसाशी जुळला.

हेतल हळूच म्हणाली, "पण काकू तर नाहीत ना?"

"वाढदिवस आहे ना," काका म्हणाले.

*

एकदा काकांनी कारखान्यातला पितळेचा चौरस तुकडा आणला आणि व्हर्नियरने, म्हणजे त्यांच्या बारीक मोजपट्टीने, त्याचा कर्ण मोजायला दिला. बाजू एक धरली तर कर्ण दोनचं वर्गमूळ. ते कुठल्याच अपूर्णांकात पूर्ण बसत नाही, दशांश संपतच नाहीत. ग्रीसमध्ये हे गुपित फोडणाऱ्याला समुद्रात बुडवलं, असं म्हणतात. काकूंनी पुढे लिहिलं होतं, "दंतकथा असावी. तरी सांगा. मुले गप्प होतात."

आम्ही गप्प झालो. काका मात्र बोलले. "कामापुरतं मोजायचं, पुढचं सोडून द्यायचं. आयुष्यभर मी तेच केलं. सोडलेलं संपत नाही, हे ती मला कधी बोलली नाही."

*

मागच्या रविवारी एकच पान उरलं होतं. त्यावर होतं की सर्वांत मोठी संख्या नसते, कितीही मोठी सांगा, एक मिळवता येतो. काकांनी ते अगदी सावकाश वाचलं. शेवटची ओळ होती, "आता आजवर न बोललेली मुलगी विचारेल. थांबा."

तिघेही माझ्याकडे बघायला लागले. काय विचारायचं ते मलाच माहीत नव्हतं. तोंडातून निघालं, "जी संख्या आजवर कुणीच म्हटली नाही, ती तोपर्यंत कुठे असते?"

काकांनी पान उलटलं. मागे काकूंच्या अक्षरात माझा प्रश्न होता, शब्दन् शब्द तोच. खाली एवढंच, "पुढच्या रविवारी सांगते."

"हे पान कोरं होतं," काका म्हणाले. "मी रोज बघायचो."

त्यांच्या बोटाला निळी शाई लागलेली मी पाहिली होती. पार्थनेही पाहिली असावी. तो म्हणाला, "काका, तुम्हीच लिहिलं ने?"

काका रागावले नाहीत. त्यांनी वही माझ्या हातात दिली. "आठवडाभर तुझ्याकडे ठेव, सई. कुलपात. मलाही दाखवू नकोस."

ती माझ्या कपाटात होती आणि किल्ली माझ्या गळ्यात. आज रविवार. आत्ताच मी ती काढून शेवटचं पान उघडलं. आई हाक मारतेय, खाली काका वाट बघतायत म्हणून, पण एवढं सांगूनच जाते. त्या ओळीखाली आता आणखी चार ओळी आहेत, काकूंच्याच अक्षरात, आणि त्यातली पहिली अशी, "गप्प बसणारी मुलगी आता हे सगळे बाहेर सांगत असेल. तिला इथेच थांबवा."