सापाचं अंथरूण

आमचे हे गादीवाले. दुकानात गिऱ्हाईक शिरलं की हे आधी त्याच्या पाठीकडे बघत, मग तोंडाकडे. कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, दाभणाने टाके घालायचे, यात यांचा जन्म गेला. नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, रात्री कशावर झोपता. मला पहिल्यांदा भेटले तेव्हाही हेच विचारलं होतं. मी चटईवर म्हणाले, तर यांनी नुसती मान हलवली. मला वाटलं, आता काही हे लग्न जमत नाही.

आमची एकुलती एक लेक दुकान सांभाळणार असं यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. तिने तयार फोमच्या गाद्या विकणाऱ्या कंपनीत नोकरी धरली. तिने बँक फोडली असती तर यांनी वकील दिला असता, पण फोम यांच्या जिव्हारी लागला. फोमला पाठ कळत नाही, एवढं म्हणाले आणि तिच्याशी बोलणं टाकलं. तीही यांचीच लेक. तिने भाड्याची खोली घेतली आणि घरात पाऊल टाकलं नाही. दोन वर्षं मी दोघांचे निरोप इकडून तिकडे नेत होते. निरोप तरी काय, तर तिला सांग, मला काही म्हणायचं नाही.

मग तिच्या घरमालकिणीने साप पाहिला.

साप लेकीने पाळलेला. अजगराच्या एका लहान जातीतला, बिनविषारी, मनगटाएवढा जाड आणि स्वभावाने माझ्या थोरल्या जावेपेक्षा पुष्कळ गरीब. नाव नाडी, पण आहे तो. घरमालकीण म्हणाली, एक तर तो राहील नाहीतर तुम्ही. लेक काचेची पेटी घेऊन आमच्या दारात उभी राहिली आणि यांच्याकडे न बघता मला विचारलं, थोडे दिवस ठेवाल का. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात हे आतून आले, पेटीपाशी वाकले आणि म्हणाले, "हा झोपतो कशावर?"

दोन वर्षांनी लेकीशी बोललेलं ते यांचं पहिलं वाक्य. मी उघडलेलं तोंड मिटून घेतलं. नाडीच्या जेवणाचे गोठवलेले उंदीर माझ्या फ्रीजमध्ये मटारांशेजारी जाऊन बसले, तरी मी ब्र काढला नाही.

यांनी लगेच ठेवणीतला कापूस काढला. लेक म्हणाली, कापूस चालत नाही, भक्ष्यासोबत पोटात गेला तर आतड्यात अडकेल. मग सुताराकडून देवदाराचा भुसा आणला. काय वास सुटला होता, मीच त्यात झोपले असते. पण त्याच वासाने म्हणे सापाची फुप्फुसं बिघडतात. वाळू म्हणावी तर ती तोंडात जाते. ज्या माणसाने निम्म्या गावाला झोपवलं, त्याचं घोडं एका सापापाशी अडलं. शेवटी लेकीने निकाल दिला, कोरा कागद. स्वच्छ असतो, फक्त दर रविवारी बदलावा लागतो आणि ते ती स्वतः येऊन करेल.

हे स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाले, कागदावर मी मांजरसुद्धा झोपवणार नाही. बाहेर जाऊन तिला म्हणाले, कागद उत्तम.

पहिल्या रविवारी हे शेजारी बसून देखरेख करत होते. कोपऱ्यात सुरकुती राहिली, हे म्हणाले. त्याला चालते, ती म्हणाली. तेवढ्यावर आटोपलं. पुढच्या खेपेला कागदाच्या जाडीवरून वाद झाला. त्याच्या पुढच्या खेपेला तो दुपारपर्यंत पुरला आणि लेक जेवून गेली. मग कागदावरून गाडी दुकानावर, दुकानावरून तिच्या साहेबावर, आणि एकदा तर चक्क फोमवर आली. कोणी उठून गेलं नाही. हे शनिवारी रात्री शर्टाला इस्त्री करू लागले. मला आणखी दोन साप चालले असते.

नाडीची कात मात्र नीट उतरेना. अखंड मोज्यासारखी निघायला हवी ती, तर सगळे तुकडे, आणि एका डोळ्यावर जुना पापुद्रा तसाच. हे त्याला उशीच्या अभ्र्यात घालून प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेले, मीही गेले. डॉक्टरांनी चिमट्याला हात न लावता ओल्या कापडाने पापुद्रा सोडवला आणि सांगितलं, पेटी कोरडी पडते, कागद ओल धरत नाही. नारळाचा काथ्या बारीक करून ओलसर घाला. घाण तेवढी रोज उचला, बाकी तीन महिने बदलू नका.

"दर रविवारी बदलला तर?" यांनी विचारलं.

कशाला, उगाच बिथरेल तो, डॉक्टर म्हणाले.

"पण बदललाच तर?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कुत्र्याच्या चित्राकडे पाहिलं. साप आजारी पडेल याची यांना काळजी होतीच, पण खरा जीव अडकला होता तो रविवारात. आणि खरं सांगते, माझाही अडकला होता.

परतताना यांनी विचारलं, कागदावर पाणी शिंपडलं तर? लगदा होईल, मी म्हणाले. मग मीच सुचवलं, आठवडाभर काथ्या ठेवू आणि रविवारी सकाळी वर कागद अंथरू, तिला काय कळतंय. जुना कापूस नव्या खोळीत भरा म्हणावं तसं यांनी माझ्याकडे पाहिलं.

जन्मभर ओलीशी वैर केलेला हा माणूस त्या दुपारी काथ्या भिजवत बसला. बोटांनी तो सोडवला, कात्रीने कुसळं काढली, मुठीत दाबून पाहिला, थेंब गळला की पुन्हा पसरला. अशी गादी यांनी माझ्यासाठीही केलेली नाही. नाडी त्यात शिरला आणि नाकाचं टोक तेवढं बाहेर ठेवून पडून राहिला.

रविवारी लेक आली. यांनी गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं, हे तीन महिने टिकेल, रोजचं मी बघतो, तुला यायला नको. ती बरं म्हणाली. पेटीकडे बघत जरा उभी राहिली आणि निघून गेली. मला या माणसाचा असा संताप आला की मी दिवसभर भांडी आपटली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्यानंतरच्याही नाही. हे इस्त्रीचा शर्ट घालून पेटीजवळ बसायचे आणि संध्याकाळी तो काढून ठेवायचे. मध्यंतरी नाडीने कात टाकली, अखंड, डोळ्यांसकट. त्या रविवारी यांनी स्वतः फोन लावला, जो हे कधीच लावत नाहीत. कात कशी निघाली ते सांगितलं, काथ्याची ओल सांगितली, मग आज रविवार आहे हेही सांगितलं. मी शेजारीच उभी होते. लेकीचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"तुम्हीच म्हणालात ना बाबा, यायला नको," ती म्हणाली.

"ते सापासाठी," हे म्हणाले. "माझ्यासाठी ये. तू नसलीस की मला करमत नाही."

ती दुपारीच आली. दोघं संध्याकाळपर्यंत बोलत बसली, कशावर ते मी काही नीट ऐकलं नाही, मला रडायला वेळ हवा होता. सापाकडे तिने बघितलं ते निघताना, चपला घालून झाल्यावर.